खाऱ्या वाऱ्यातले लोखंडी जिने: एका वर्कशॉपची तीन कामं, दोन पावसाळ्यांनंतर

फोंडा तालुक्यातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपनं केलेल्या तीन जिन्यांबद्दल हे लिहिलं आहे. पहिला साळगावच्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरात माडीवर जाणारा, दुसरा पणजीतल्या दोन मजली कापड दुकानातला, तिसरा मांद्रेच्या एका गेस्ट हाऊसचा बाहेरचा जिना. तिन्हींवरून दोन पावसाळे गेले आहेत. नुकता रंगवलेला जिना कोणाचाही देखणाच दिसतो. गोव्यात त्याची खरी परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यानंतर होते, तीही पायऱ्यांच्या खाली वाकून, हातात टॉर्च घेऊन पाहिलं तर. वर्कशॉपचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली उणिवाही मोकळेपणानं लिहिल्या आहेत. मत थोडक्यात असं: मापं आणि वेल्डिंग अव्वल, चिऱ्याच्या भिंतीची नस ओळखून केलेलं काम, पण रंगात घाई, आणि स्टेनलेस घेताना ग्राहकानं डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

मापांपासून सुरुवात करायला हवी, कारण जिना तिथंच बिघडतो. साळगावला खालच्या तयार जमिनीपासून वरच्या तयार जमिनीपर्यंतची उंची ३१५० मिमी. त्याचे १७५ मिमीचे १८ रायझर (पायरीची उभी उंची) पाडले आणि २७० मिमीचे १७ ट्रेड (पाय ठेवायचा आडवा भाग). दोन रायझर अधिक एक ट्रेड ही बेरीज ६०० ते ६४० मिमीच्या आत आली की जिना पायाला बरा लागतो. इथं ती ६२० येते. ‘तयार जमीन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोजमापाच्या दिवशी माडीवरची जुनी फळ्यांची जमीन काढून टाकलेली होती आणि नवी ४० मिमी वर येणार होती. फिटरनं हा प्रश्न विचारला, उत्तर कागदावर लिहून घेतलं आणि मगच हिशेब केला. विचारलं नसतं तर शेवटचा रायझर २१५ मिमीचा झाला असता. माणूस जिना पाहत चढत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय अंदाज घेतो आणि पुढं त्याच अंदाजानं उचलला जातो, म्हणून एकच वेगळी पायरी रोज कोणाला तरी ठेचकाळते. इथं अठराही रायझर मोजले, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रायझरमध्ये फरक ३ मिमीचा. ५ मिमीच्या आत असला तरी काम चांगलं म्हणावं.

दुसरी गोष्ट अनुभवी माणसालाच सुचते. जुन्या घराची जमीन सपाट नसते. या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ मिमीचा उतार होता. उंची भिंतीलगत न मोजता जिथं पहिली पायरी टेकणार नेमक्या त्या जागेवरून, लेव्हल पाइपनं वर नेली.

डोक्यावरच्या मोकळ्या उंचीचा हिशेबही त्यांनी आधीच मांडून दाखवला, आणि तो प्रत्येक घरमालकानं समजून घ्यावा असा आहे. पायरीपासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत २२०० मिमी मोकळे हवेत. जमिनीची जाडी १५० धरली तर वरच्या जमिनीच्या २३५० मिमी खालपर्यंत डोक्यावर काहीच यायला नको. १७५ ला २७० या चढानं हे अंतर आडवं मोजलं की ३६२६ मिमी भरतं. म्हणजे माडीच्या जमिनीत साधारण ३.६५ मीटर लांब पोकळी सोडावी लागते. एवढं मोठं भगदाड पाडायला कोणाचं मन धजत नाही, मग ते अडीच मीटरवर आणलं जातं आणि उतरताना कपाळ तुळईला लागतं. इथं ड्रॉइंगवर माणसाची आकृती काढून ते पटवून दिलं गेलं.

साळगावचा जिना मधोमध एकाच बीमवर आहे, दोन्ही बाजूंना पायऱ्या मोकळ्या. बीम २०० × १०० × ६ मिमीचा बंद चौकोनी पाइप, मीटरला सुमारे २६.४ किलो, तिरकी लांबी ५.६ मीटर, म्हणजे नुसता बीमच १४८ किलोंचा. इथं चॅनल, म्हणजे एका बाजूनं उघडा ‘C’ आकाराचा बीम, का चालत नाही? पायरीच्या टोकावर पाय पडला की बीम नुसता वाकत नाही, पिळतोही. उघड्या चॅनलला पीळ सोसवत नाही, बंद पाइप तो सहज पेलतो. स्वस्तात म्हणून मधोमध एकच चॅनल टाकलेल्या जिन्यांच्या पायऱ्या एका बाजूला झुकतात आणि ब्रॅकेटच्या वेल्डपाशी चीर पडते.

थरथरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘जिना हलतो’ ही तक्रार सर्वांत जास्त असते आणि ती ताकदीची नसतेच. कायमच्या भाराखाली बीम मधोमध जितके मिलिमीटर वाकतो त्याचं वर्गमूळ काढून १८ ला त्यानं भागलं की सेकंदाला किती कंपनं होतील याचा ढोबळ आकडा मिळतो. वाक ५ मिमी असेल तर ८ कंपनं. वाक १८ मिमीपर्यंत जाऊ दिला, म्हणजे लांबीच्या तीनशेव्या भागाइतका, तर कंपनं ४.२ वर येतात. धावत उतरणारं पोर सेकंदाला तीन-चार पावलं टाकतं. दोन ताल जुळले की जिना अंगात आल्यासारखा हलायला लागतो. तो पडणार नाही, पण घरातली वयस्कर माणसं त्यावर चढणार नाहीत. साळगावच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर टाच आपटून पाहिली. हादरा लगेच विरतो.

आता चिरा. आपला जांभा दगड भार सोसायला चांगला, पण सच्छिद्र आणि मऊ. एक्स्पान्शन बोल्ट काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसतो. चिऱ्यात तो फुगताना भोकाच्या कडाच चुरडतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि सहा महिन्यांत हातानं फिरतो. या वर्कशॉपनं भिंतीला जिना टांगलाच नाही. खाली ४५० मिमीचा चौकोनी काँक्रीटचा पाया, त्यात आधीच रोवलेले १६ मिमीचे चार बोल्ट, वर ३०० × २०० × १२ मिमीची बेस प्लेट. वरचं टोक जुन्या लाकडी तुळईवर न सोडता तिच्या शेजारी १५० चा नवा चॅनल भिंत ते भिंत टाकला. चॅनलची दोन्ही टोकं जिथं बसतात तिथला एकेक चिरा काढून त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओतला, म्हणजे भार एका दगडावर न येता पसरतो. रेलिंगचे जे दोन खांब भिंतीला धरावेच लागले, तिथं बोल्ट भिंतीच्या आरपार आणि पलीकडे १५० मिमीची चौकोनी, १० मिमी जाड प्लेट. ती प्लेट गिलाव्याखाली झाकली आहे. चिऱ्याच्या घरासाठी कोटेशन मागवताना ‘पकड कशी देणार’ एवढं एकच विचारावं. उत्तरात नुसतं ‘अँकर मारू’ आलं तर दुसरीकडे जावं.

वेल्डिंग तिन्ही ठिकाणी मनापासून केलेलं आहे. वर्कशॉपमधलं सगळं गॅसच्या आडोशानं वेल्ड करणाऱ्या मिग मशीननं, साइटवरचं वेल्डिंगच्या काडीनं, कारण उघड्यावर वारा गॅस उडवून लावतो आणि वेल्डमध्ये सुईच्या टोकासारखी भोकं राहतात. भार घेणाऱ्या सांध्यांना ७०१८ नंबरची काडी, ओव्हनमध्ये तापवून काढलेली. पावसाळ्यात ओल धरलेली काडी वापरली तर वेल्ड वरून ठीक दिसतो आणि आतून तडकतो. रेलिंगच्या बारीक कामाला ६०१३ वापरली आहे, ते चालतं. सांधे मात्र सगळे सलग भरलेले. पैसे वाचवायला बरेच जण ५० मिमी वेल्ड, १५० मिमी मोकळं असं टाके घातल्यासारखं करतात. ताकदीला ते पुरतं, पण मधल्या फटीत पाणी शिरतं, रंगाचा ब्रश तिथं पोहोचत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर गंजाचे ओघळ उतरतात.

मांद्रेच्या जिन्याचं काम तिन्हींत सर्वांत समजूतदार आहे. मालकांच्या मनात गोल जिना होता. तो अग्निसुटकेसाठी धरला जाणार असल्यानं राष्ट्रीय बांधकाम संहिता दाखवून वर्कशॉपनं नकार दिला: गोल जिन्याला नऊ मीटरच्या आतली इमारत आणि किमान १५०० मिमी व्यास लागतो, शिवाय सामान घेऊन माणसं उतरायची तर तो अडचणीचाच. सरळ बाहेरच्या जिन्याला किमान रुंदी १२५०, ट्रेड २५०, रायझर १९० पेक्षा जास्त नको. त्यांनी रुंदी १२५० ठेवली, रायझर १७० आणि ट्रेड २७०. ३०६० मिमीच्या मजल्याला अठरा रायझर, नऊ आणि नऊ, मधे लँडिंग. ग्राहकाच्या हो ला हो न मिसळणारा फॅब्रिकेटर दुर्मीळ, म्हणून हे आवर्जून नोंदवतो.

हा जिना पूर्ण हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला आहे. पाच मिमी आणि त्यावरच्या जाडीला चौरस मीटरमागे ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉनचा थर (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). समुद्राच्या इतक्या जवळ नुसत्या रंगावर विसंबणं म्हणजे दर दोन वर्षांनी परातभर गंज खरवडणं. पण गॅल्व्हनाइजिंगची तयारी ड्रॉइंगपासूनच करावी लागते. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास तापलेली असते. बंद पाइपात अडकलेल्या हवेला आणि ओलाव्याला वाट नसेल तर पाइप टाकीतच फुटतो. म्हणून प्रत्येक पाइपला वर आणि खाली भोक हवं. जिना टाकीत मावेल अशा तुकड्यांत तोडावा लागतो आणि ते तुकडे पुन्हा बोल्टनं जोडावे लागतात. एम १६ च्या (१६ मिमी व्यासाच्या) बोल्टला भोक १८ मिमीचं ठेवलं, कारण जस्त चढल्यावर भोक लहान होतं. शिवाय टाकीला पाठवण्यापूर्वी पूर्ण जिना वर्कशॉपमध्ये एकदा उभा करून पाहिला. गॅल्व्हनाइज झाल्यावर साइटवर ग्राइंडर चालवायची वेळ आली की सगळा खर्च पाण्यात.

बाजूचे चॅनल २०० चे, पाठ आतल्या बाजूला आणि उघडी बाजू बाहेर, म्हणजे झाडू आणि ब्रश आत जातो. चॅनलच्या खालच्या पट्टीवर माडाचा कचरा आणि वाळू घसरत तळाशी साचते आणि ओली राहते. तिथं कोपऱ्यात २० मिमीची खाच कापून पाण्याला वाट दिली आहे. ट्रेड लोखंडी जाळीचे. उठावाच्या नक्षीची चेकर्ड प्लेट घरात चालते, उघड्यावर तिच्या नक्षीत पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं. जाळीतून खालचं दिसतं ही तक्रार काही पाहुणे करतात. ती खरी आहे, पण शेवाळावरून घसरण्यापेक्षा बरी.

आणि तरीही इथंच त्यांनी एक सोपी गोष्ट बिघडवली. साइटवर आठ ठिकाणी वेल्ड करावा लागला आणि तिथलं जळालेलं जस्त चंदेरी रंगानं झाकलं. दुसरा पावसाळा संपताना नेमके तेच आठ ठिपके लाल झाले, बाकी जिना जसाच्या तसा. चंदेरी रंग हा नुसता रंग असतो, जस्त नव्हे. वेल्ड चकचकीत होईपर्यंत घासून जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला झिंक-रिच पेंट किमान १०० मायक्रॉन द्यायला हवा होता. दोन कोट आणि अर्ध्या दिवसाचं काम. तक्रार केल्यावर नवव्या दिवशी माणूस आला, वाद न घालता सगळं घासून नीट करून गेला, पैसे घेतले नाहीत. बेस प्लेट मात्र फरशीच्या पातळीतच राहिल्या आहेत. त्या ५० मिमी उंच काँक्रीटच्या ओट्यावर हव्या होत्या. पाऊस थांबल्यावरही दोन तास त्यांच्याभोवती पाणी उभं असतं.

पणजीच्या दुकानात लोकांची वर्दळ, म्हणून रायझर १५०, ट्रेड ३००, रुंदी १५००. ३६०० मिमीच्या उंचीला बारा-बाराचे दोन टप्पे. प्रत्येक पायरी ६ मिमीच्या प्लेटचा दुमडलेला ट्रे, त्यात २० मिमी ग्रॅनाइट. ग्रॅनाइटची लादी नुसत्या दोन टोकांवर कधीच टेकवू नये. तिला खालून पूर्ण आधार नसला तर एखादी जड पेटी आपटल्यावर ती मधोमध तडकते, तीही काही इशारा न देता. ट्रेचं वजन सुमारे २७ किलो, ग्रॅनाइट २४, म्हणजे पायरीमागे पन्नासेक किलो. ट्रे आणि ब्रॅकेटच्या मधे ३ मिमी रबराची पट्टी घातली आहे, त्यामुळं लोखंडी जिन्याचा ठण्‌ठण् आवाज नाही. पायरीच्या पुढच्या कडेला तीन खाचा मारल्या आहेत. ओल्या चपलांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांचा खरा उपयोग होतो.

घोटाळा रेलिंगमध्ये आहे. कोटेशनमध्ये ३०४ ग्रेडचं स्टेनलेस लिहिलं होतं. वर्षाच्या आत सांध्यांभोवती चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडले. कारणं दोन निघाली. एक, वेल्डनंतरचा निळसर-काळा पट्टा पिकलिंग पेस्टनं (आम्लाच्या लेपानं) न काढता नुसता बफ केला, म्हणजे घासून चमकवला, आणि तोही साध्या लोखंडावर चाललेल्या डिस्कनं; त्या डिस्कमधले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजतात. दुसरं, सरळ पाइप थेंब-चाचणीत (रसायनाचा थेंब टाकून ग्रेड ओळखतात) ३०४ निघाले, पण तयार मिळणारी बेस कव्हर आणि टोकाच्या टोप्या २०२ च्या होत्या. २०२ मध्ये निकेल कमी, मँगेनीज जास्त. मांडवीच्या वाऱ्यात ते टिकत नाही. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्हींना तो धड चिकटत नाही. थेंब-चाचणीची बाटली आणून पाइप आणि फिटिंग दोन्हींवर लावून पाहावी. किनाऱ्यालगत, उघड्यावर असेल तर ३१६ च मागावं. त्यातलं दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत उपयोगी पडतं. मात्र ३१६ सुद्धा गोड्या पाण्यानं पुसत राहावं लागतं. रेलिंगची उंची १००० मिमी आणि सळ्यांमधली फट १०० मिमीच्या आत, हे मात्र चोख.

रंगाचं दुखणं साळगावला. ठरलं होतं: ब्लास्टिंग (दाबानं कण मारून लोखंड साफ करणं), ६० मायक्रॉन झिंक प्रायमर, १२० मायक्रॉन इपॉक्सी, वर ६० मायक्रॉन पीयू (पॉलियुरेथेन रंग), एकूण २४०. काम चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत हवं म्हणून जुलैत रंगवलं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त नसेल, तर लोखंडावर न दिसणारी ओल असते आणि रंग तिच्यावर बसतो. ब्लास्टिंगऐवजी नुसता वायर ब्रश फिरवलेला, हे खरवडलेल्या जागी दिसलं. गेजनं मोजलं तर सपाट भागावर २१० मायक्रॉन, ब्रॅकेटच्या कडांवर ६० ते ७०. ओला रंग धारदार कडेवरून मागं सरकतो, म्हणून कड आधी ग्राइंडरनं गोल करावी लागते आणि वेल्ड व कडांना ब्रशनं एक जादा पट्टा-कोट द्यावा लागतो. इथं तो दिलेला नाही. पायऱ्यांच्या खालच्या बाजूला फोड आले आहेत, सगळे कडांवर. घरातला जिना असल्यानं धोका नाही, पण पुन्हा रंगवावा लागणार. चवथ कोणालाच मागं ढकलता येत नाही हे खरं. मग मोजमाप फेब्रुवारीत द्यावं. मोजमापापासून उभारणीपर्यंत या वर्कशॉपला पाच आठवडे लागतात, गॅल्व्हनाइजिंग असेल तर आणखी दहा दिवस.

बिलात मात्र पारदर्शीपणा आहे. कोटेशनसोबत कटिंग लिस्ट येते: कुठला सेक्शन, किती जाड, किती लांब, किती किलो. ती कोणालाही तपासता येते. प्लेटचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे ७.८५ किलो, गोल सळईचं मीटरमागे वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. किलोचा दर लावणाऱ्याला जाड लोखंड परवडतं, ठोक रक्कम घेणाऱ्याला पातळ. म्हणून ठोक ठरवलं तरी जाडी कागदावर हवी आणि माल उतरताना जाडी मोजायचं व्हर्नियर लावायला लाजू नये. रेलिंगचा दोन मिमी म्हणून आलेला पाइप १.६ चा निघणं बाजारात नित्याचं आहे. इथं तिन्ही कामांत जाडी लिहिल्याप्रमाणं भरली. वजन ड्रॉइंगवरून धरलं, कापून उरलेल्या तुकड्यांचे पैसे लावले नाहीत. १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला.

काम देताना करारात या गोष्टी लिहून घ्याव्यात, हे वर्कशॉप त्या मान्य करतं: ब्लास्टिंग झाल्यावर प्रायमरच्या आधी बघायला बोलावणं, रंगाची जाडी कडांवर मोजून दाखवणं, स्टेनलेसच्या फिटिंगचीही चाचणी, साइट-वेल्डवर झिंक-रिच पेंट. सांगितलं नाही तर होत नाही, सांगितलं तर निमूटपणे करतात. उभारणीनंतर तीन महिन्यांनी येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळून जातात, आणि जाताना शेड नंबर लिहिलेला अर्धा लिटरचा पीयूचा डबा घरात ठेवतात. साळगावला त्या डब्यातला निम्मा रंग आतापर्यंत संपला आहे.